मेंढ्यांच्या वाटेवरचा पहिला बर्फ

मी पहिला बर्फ बोलतोय. गेल्या ऑक्टोबरात ग्रीतावर सगळ्यांच्या आधी पडलो, तो मी. आता जून लागलाय आणि माझ्यातलं जे काही शिल्लक होतं, त्यातलं थोडंसं खरवडून एका काळ्याकुट्ट किटलीत कोंबलंय. किटली तीन दगडांवर आहे, खाली बर्चच्या ओल्या काटक्या धूर काढतायत, आणि तीन माणसं कॉफीची वाट बघत बसलीत. उकळी फुटायला वेळ आहे. तेवढ्यात सांगून टाकतो. नंतर सांगायला मी असणार नाही, आणि मनातलं घेऊन जायची माझी इच्छा नाही.

या तिघांपैकी एकजण काठी टेकत चालतो. ती काठी माझ्यामुळे आहे.

ग्रीता म्हणजे पातेलं. नॉर्वेच्या या उत्तर किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रातून उभे राहतात, आणि गावामागच्या डोंगराला एक मोठा खोलगा पडलाय, त्याला गाववाले ग्रीता म्हणतात. तिथं सावलीच फार. उन्हाळ्यात मेंढ्या चरतात, शरदात ब्लूबेरीची पानं लाल होतात. त्याच लाल पानांवर मी पडलो. हलका होतो, मऊ होतो. एवढं सुंदर आपण पुन्हा कधी दिसणार नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

खाली गावात लोक दारात येऊन उभे राहिले. पहिल्या बर्फाचं माणसांना भारी कौतुक असतं. फोटो काढतात, जुन्या टोप्या शोधतात, आणि वर मान करून सगळे एकच वाक्य बोलतात, "हा काही राहायचा नाही." त्यांचं चूक नव्हतं. किनाऱ्यावरचा ऑक्टोबरचा बर्फ राहतच नाही. दोन दिवसांत समुद्रावरून कोमट पाऊस येतो आणि सगळं धुऊन नेतो. माझे सगळे पूर्वज असेच गेले. त्यांनी कुणाचं भलं केलं नाही आणि वाईटही केलं नाही.

या वेळीही पाऊस आला. गावातला बर्फ त्यानं नेला, जंगलातला नेला, आणि झाडांच्या वरच्या कडेशी येऊन दमून थांबला. माझ्यापर्यंत तो पोचलाच नाही. मला आनंद झाला, हे कबूल करतो. आपण वाचलो म्हणून मी खूश होतो. पुढं जे झालं त्याची सुरुवात माझ्या त्या आनंदापासूनच झाली, असं मला वाटत राहतं.

पावसाच्या आधी, मी ताजा असतानाच, ओदवार वर आला होता.

ओदवार म्हणजे या तिघांतला म्हातारा. समोरच्या दगडावर बसून हातमोज्याचा धागा ओढतोय, तो. गावात त्याचा मेंढ्यांचा गोठा आहे. डोंगरावरच्या मेंढ्या सप्टेंबरात सगळ्या गावानं मिळून खाली आणायच्या असतात. त्या वर्षी त्याच्या सात-आठ मेंढ्या राहून गेल्या. त्यांची म्होरकी स्नुपा नावाची एक हट्टी मेंढी, तिच्या गळ्यात घंटा. बर्फ पडला तशी म्हाताऱ्याला चैन पडेना, आणि तो एकटाच काठी घेऊन निघाला.

एकटं जायचं नाही, असं त्यानं वचन दिलेलं होतं. त्याच उन्हाळ्यात त्याच्या हृदयाचं काहीतरी मोठं दुखणं झालं होतं आणि लेकीनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की जंगलाच्या वर एकट्यानं पाय ठेवायचा नाही. हे मला कसं कळलं? तो स्वतःच सगळं स्नुपाला सांगत होता. माणसं माणसांना सांगत नाहीत ते जनावरांना सांगतात.

मेंढ्या सापडल्या, आणि त्यांना घेऊन तो ग्रीताच्या खालच्या काठानं निघाला. तिथं एक मोठा धोंडा आहे. त्याच्या शेजारूनच खाली उतरायला वाट मिळते, माणसाला काय आणि मेंढीला काय. सगळा कळप माझ्यावरून गेला. मला तुडवलं, दाबलं, लेंड्या टाकल्या, आणि त्या अरुंद पट्ट्यात मी जमिनीला घट्ट चिकटून बसलो. धोंड्याजवळ ओदवार थांबला. छातीवर हात ठेवून खाली बसला. दुसरा हात त्यानं माझ्यात रोवला. हातमोजा काढलेला होता. पाची बोटं मला कळत होती.

स्नुपा परत फिरून त्याच्याजवळ आली आणि रवंथ करत उभी राहिली.

"बघत काय बसलीस, बये," तो तिला म्हणाला. "तुझ्यापायी हे सगळं. लेकीला यातलं काही कळता कामा नये. तुम्ही खाडीपलीकडच्या गोठ्यात सापडलात. ध्यानात ठेव."

मला तो आवडला. हेही सांगायला हवं. त्याच्या छातीतली कळ थांबेपर्यंत मी त्याचा हात धरून ठेवला. निदान मला तरी तसं वाटलं. मग तो उठला, बोटं झटकली आणि गेला. त्याच्या हाताचा ठसा कितीतरी दिवस माझ्यावर होता.

त्यानंतर आभाळ उघडलं आणि थंडी पडली. असं किनाऱ्यावर सहसा होत नाही. दिवसामागून दिवस ढग नाही, वारा नाही, वरून नवा बर्फ नाही. मी पातळ होतो. माझ्या पोटाखाली जमीन अजून उन्हाळ्याची ऊब धरून होती आणि पाठीवर आभाळाची थंडी. या दोघांच्या ओढाताणीत माझे कण बदलायला लागले. आधी एकमेकांत गुंतलेले होते, ते सुटे झाले, टोकदार झाले, चमकायला लागले. मुठीत धरलं असतं तर बोटांतून ओघळून गेलो असतो. इकडचे लोक याला साखरबर्फ म्हणतात. नाव गोड आहे. पण ज्या बर्फाला स्वतःला धरून राहता येत नाही, तो दुसऱ्याला काय धरणार?

सगळ्या ग्रीतात मी साखर झालो. फक्त धोंड्याजवळच्या मेंढ्यांच्या वाटेवर झालो नाही. तिथं मला तुडवून घट्ट केलेलं होतं.

नोव्हेंबरात समुद्र जागा झाला. एकापाठोपाठ एक वादळं आली. जड, ओलसर बर्फ माझ्या अंगावर पडला, वाऱ्यानं तो दाबून बसवला, आणि मी सगळ्यांच्या तळाशी गेलो. वरचे थर आडदांड. ते एकमेकांना धरून होते आणि सगळे मिळून माझ्यावर उभे होते. मी खालून ओरडत होतो, अरे, मला तुमचा भार झेपत नाही. पण बर्फाचं बर्फ ऐकत नाही. वरून सगळं कसं गुळगुळीत, पांढरंशुभ्र दिसत होतं. लोक पुन्हा फोटो काढत होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस इथला सूर्य जातो तो जानेवारीपर्यंत उगवत नाही. गावाची एक रीत आहे. सूर्य गेल्यावरच्या पहिल्या रविवारी सगळे स्की घालून ग्रीतातून डोंगराच्या वरच्या खांद्यावर जातात. तिथून दुपारी दक्षिणेला आभाळाची लाल कड दिसते. तिला बघायचं, कंदील लावायचा, लेफ्सेच्या पातळ पोळीला लोणी फासून खायचं, कॉफी प्यायची आणि परत यायचं. हिवाळ्याची पहिली चढण तीच. पण आधी ग्रीता चढण्याजोगी आहे की नाही हे कुणीतरी बघावं लागतं, आणि ते काम यूरुनचं.

यूरुन म्हणजे ओदवारची लेक. आत्ता माझ्याखालच्या काटक्यांना फुंकर घालतेय ती. शाळेत शिकवते, आणि हिवाळ्यात इथल्या बर्फाची खबर हिमस्खलनाचा इशारा देणाऱ्यांना कळवते. शहाणी आहे, हाताची घाई नाही, आणि बर्फाशी बोलल्यासारखी हळू काम करते. शुक्रवारी ती फावडं घेऊन आली. सोबत ओदवार होता. धोंड्यापर्यंत रस्ता सोपा, लेक बरोबर, म्हणून त्याला परवानगी होती.

खड्डा नेहमी धोंड्याजवळच काढतात. तिथं वरून काही कोसळायची भीती नसते. यूरुननं खणायला सुरुवात केली आणि नेमकी मेंढ्यांच्या वाटेवर उतरली.

ती तळाशी पोचली तेव्हा तिला मी सापडलो. पण तो मी खरा मी नव्हतो. तिनं बोट खुपसून बघितलं, बोट जाईना. मग बर्फाचा एक खांब कापून मोकळा केला, त्यावर फावडं ठेवलं आणि वरून हातानं ठोकत गेली. आधी नुसत्या बोटांनी, मग कोपरातून, मग खांद्यापासून. खांब जागचा हलला नाही.

"बाबा, हे बघ," ती म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "मला वाटलं होतं इतक्या थंडीत खालच्याची साखर झाली असेल. हा तर दगड आहे. पाऊस इथवर चढला असणार, भिजून गोठलाय. चढला होता ना रे इथवर?"

तेवढ्यात तिनं उपसलेल्या ढिगातून एक लेंडी घरंगळत आली आणि ओदवारच्या बुटापाशी थांबली.

त्यानं ती बघितली. मीही बघितली. त्याला बर्फाची तपासणी येत नसेल, पण मेंढ्या कुठून गेल्या हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? इथला बर्फ पावसानं घट्ट झालेला नाही, पायांनी झालाय, एवढं त्याला क्षणात कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं.

त्यानं लेंडीवर बूट ठेवला.

"चढला असणार," तो म्हणाला.

यूरुननं उतारावर नजर टाकली. वर आणखी एक खड्डा काढायला हवा, असं ती अर्धवट स्वतःशी म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. ये, मी म्हणत होतो, थोडीशी वर ये, मग तुला खरा मी दिसेन. पण वरही लेंड्या सापडल्या तर काय, ही म्हाताऱ्याला धास्ती. उजेड चाललाय, तू गारठलीस, चल घरी, असं तो म्हणाला. उजेड चालला होता हे खरंच होतं. तिनं फावडं दुमडलं आणि फोनवरून नोंद पाठवली.

माणसं बर्फाला विचारायला फावडं घेऊन इतक्या लांब येतात, मला याचं नवल वाटतं. खरं उत्तर तिच्या शेजारी लोकरी टोपी घालून उभं होतं.

रविवारी सिग्वे सगळ्यांच्या आधी आला. सिग्वे यूरुनचा नवरा, काठीवाला. तेव्हा काठी नव्हती. तो कॉड मासे धरणाऱ्या बोटीवर होता, अंगापिंडानं दणकट, गळा बेसूर आणि गाण्याची हौस दांडगी. दरवर्षी वाट पाडायचं काम त्याचंच. पाठीवर कंदील आणि लेफ्सेची पिशवी घेऊन तो गुणगुणत माझ्यावर चढला. त्याचं प्रत्येक पाऊल मला पोटात जाणवत होतं. मी सगळे कण आवळून धरले. सुट्या कणांना आवळून धरता येत नाही, तरी धरले.

खाली धोंड्याजवळ बाकीचे जमले. स्कीचे पट्टे आवळले जात होते, हसणं चाललं होतं. इतक्यात जंगलातून ओदवार आला. धापा टाकत होता, टोपी वाकडी झालेली.

"यूरुन," तो म्हणाला, "कुणाला वर सोडू नकोस."

"काय झालं?"

"शुक्रवारी तू खणलंस ती माझ्या मेंढ्यांची वाट होती. त्यांनी तुडवलंय ते. पाऊस नव्हे."

"तुझ्या मेंढ्या खाडीपलीकडे सापडल्या होत्या."

"नाही सापडल्या. मी आणल्या. इथूनच, एकट्यानं."

कुणीतरी खोकलं.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तू माझ्या शेजारी उभा होतास."

"हो," ओदवार म्हणाला. "काल सांगणार होतो. जेवताना सांगणार होतो. तू खुशीत होतीस."

ती वळली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून सिग्वेला हाक मारली. तो उताराच्या मधोमध पोचला होता. त्यानं मागं वळून हात हलवला, त्याला वाटलं सगळे येतायत. तिनं पुन्हा हाक मारली. या वेळी त्याला तिच्या आवाजातलं कळलं. तो थांबला, आणि खाली फिरण्यासाठी त्यानं एक पाय उचलला. सगळा भार दुसऱ्या पायावर आला.

मी सुटलो.

माझ्यातून एक आवाज आला. धुप्प, असा. खोल, पोटातला. सगळ्या ग्रीतानं ऐकला. मला आयुष्यात एकच शब्द बोलता येतो आणि तो हाच आहे. पण तो बाहेर पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. वरचे थर फुटले, त्यांचे तुकडे झाले, मी त्यांच्याखालून निसटलो आणि आम्ही सगळे मिळून सिग्वेला घेऊन खाली गेलो. तो आमच्यात होता. त्याचा पाय कुठल्याशा खडकावर आपटून मोडला तो आवाजही मी ऐकला. मग सगळं थांबलं, आणि थांबताक्षणी आम्ही सिमेंटसारखे आवळलो. जेव्हा सैल राहायला हवं तेव्हा आम्हाला ते जमत नाही.

यूरुननं एकेकाला कामं दिली. तिचा आवाज शाळेतल्यासारखाच होता. गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारी छातीवरची यंत्रं चालू झाली, लांब सळया माझ्यात खुपसल्या जाऊ लागल्या. सिग्वेच्या स्कीच्या काठीचं टोक बर्फाबाहेर राहिलं होतं. ते माझ्या कृपेनं नाही, नशिबानं. तिथं सगळे फावडी घेऊन धावले. ओदवारकडे फावडं नव्हतं. तो गुडघ्यांवर बसून हातानं उकरत होता. हातमोजे कधीच गळून पडलेले. तुझं हृदय, म्हाताऱ्या, बाजूला हो, असं लोक त्याला सांगत होते आणि ओढत होते. तो हटेना. मी पुन्हा त्याची बोटं ओळखली. ऑक्टोबरातलीच बोटं, पण या वेळी ती माझ्याकडे काहीतरी परत मागत होती.

सिग्वेचा चेहरा वर आला तेव्हा निळा होता. यूरुननं त्याच्या तोंडातला बर्फ बोटानं काढला. तो मीच होतो. त्याच्या तोंडातून बाहेर निघताना मला जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही. मग त्यानं श्वास घेतला, आणि बऱ्याच वेळानं विचारलं, "कंदील फुटला का?" यूरुन तेव्हा रडली.

हेलिकॉप्टर आलं, त्याला घेऊन गेलं. त्या वर्षी खांद्यावर कुणी गेलं नाही.

सगळा हिवाळा मी ग्रीताच्या तळाशी ढिगारा होऊन पडून होतो. वर नवा बर्फ येत राहिला. एकदा यूरुन एकटी आली. धोंड्यापासून वर, जिथं माझा न सुटलेला भाग होता, तिथं कडेनं जपून एक छोटा खड्डा काढला. मला हातमोज्यावर घेतलं, भिंग लावून बघितलं. मी सगळ्या टोकदार कडांसकट तिच्यासमोर चमकत होतो. वाटलं, आता शिव्या देईल. तिनं शिव्या दिल्या नाहीत.

"किती वेळ लागला?" ती स्वतःलाच म्हणाली. "एवढासा तर खड्डा आहे."

मग मला झटकून टाकलं आणि निघून गेली. तेव्हा मला कळलं, की या ढिगाऱ्याखाली मी एकटाच नाही. तिनं दुसरा खड्डा काढला नाही म्हणून ती तिथं आहे, म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नाही म्हणून तो आहे, आणि मला धरता आलं नाही म्हणून मी आहे. तिघंही आपापल्या जागी अडकलेले, आणि सळई घेऊन शोधायला कुणी येत नाही.

वसंतात ओदवार दर रविवारी ढिगाऱ्याच्या कडेला येऊन उभा राहायचा. सिग्वेची एक स्की हरवली होती. मी वितळत गेलो तशी ती वर आली. त्यानं ती घासूनपुसून माझ्यातच उभी रोवून ठेवली.

आणि आज मेंढ्या पुन्हा डोंगरावर सोडायच्या म्हणून तिघं वर आलेत. गोठ्यापासून इथवर चढणच आहे, आणि कोकरांना हाकताना म्हाताऱ्याची बरीच धावाधाव झाली. आता स्नुपा दोन कोकरं घेऊन पुढं गेलीय. मी घळीतल्या सावलीत मळकट पट्टा होऊन उरलो होतो. कॉफीला पाणी आणायला ओढ्यापर्यंत कोण जाणार, म्हणून सिग्वेनं किटलीनं मलाच खरवडलं.

"म्हातारबा, यानं मला गिळलं होतं," तो ओदवारला म्हणाला. "आज मी याला पितो. फिटंफाट."

ओदवार हसला नाही. सिग्वेनं बायकोकडे बघितलं, तीही हसली नाही.

"नोव्हेंबरपासून तुमच्या दोघांत 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच ऐकतोय मी," सिग्वे म्हणाला. "पाय माझा मोडलाय. मी बोलतोय ना?"

तो खरंच बोलतो. बोटीवर आता त्याचा चुलतभाऊ जातो, हा किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करतो. मला त्यानं केव्हाच माफ केलंय. त्यानं मला बरं वाटत नाही. तो रागावला असता तर निदान मला कुठं तोंड लपवायचं ते कळलं असतं. म्हाताऱ्याचंही असंच होत असावं. त्यानं सिग्वेपुढं चूक कबूल केली, सिग्वेनं त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि तो विषय तिथंच थांबला. यूरुनपुढं तर त्याला सुरुवातच करता आली नाही.

माझ्या कडेनं आता बुडबुडे यायला लागलेत. यूरुन कॉफीची पूड टाकायला हात पुढं करतेय. ओदवारनं हातमोज्याचा धागा सोडलाय. त्याचा हात छातीशी गेलाय. मी तो हात ओळखतो. ऑक्टोबरात धोंड्याजवळ गेला होता तसाच.

तो हात खाली घेईल, असं मला वाटलं. उजेडाचं, थंडीचं, मेंढ्यांचं काहीतरी बोलेल आणि वेळ मारून नेईल.

"यूरुन," तो म्हणाला. "छातीत दुखतंय."

तिचा हात तसाच राहिला. कॉफीची पूड गवतावर सांडली.

"कधीपासून?"

"मधल्या फाटकापासून."

"आणि मला आत्ता सांगतोस?"

"आत्ता सांगतोय," ओदवार म्हणाला. "या खेपेला रात्र नाही जाऊ दिली."

ती उठली. औषधाचा फवारा त्याच्या कुठल्या खिशात असतो ते तिला ठाऊक होतं, तिनं तो काढून त्याच्या जिभेखाली मारला. मग त्याच्यामागं बसली आणि त्याची पाठ स्वतःच्या अंगावर टेकवून घेतली. सिग्वेनं काठी बाजूला टाकून फोन काढलाय आणि डॉक्टरला सगळं सविस्तर सांगतोय, टिंगल न करता. यूरुननं बापाचा हात धरलाय. पाची बोटं तिच्या मुठीत आहेत. मग अगदी हळू म्हणते, "आता कसं वाटतंय, ते खरं सांग."

"कमी होतंय," तो म्हणतो. "खरंच सांगतोय."

"मी पण दुसरा खड्डा काढला नव्हता, बाबा," ती म्हणते.

किटलीकडे कुणाचंच लक्ष नाही. मी उकळतोय, झाकण थडथडतंय, मी कडेवरून उतू चाललोय आणि खालच्या काटक्या चरचर विझतायत. कॉफी आज होणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. कुणाच्या कपात जायची माझी लायकीही नव्हती.

आता माझी वाफ होतेय. वारा समुद्राकडे आहे, तो नेईल तिकडे जाईन. ऑक्टोबरात पुन्हा कुणीतरी पहिला म्हणून ग्रीतावर पडेल, कदाचित मीच. पुन्हा तुम्ही दारात येऊन म्हणाल, हा काही राहायचा नाही. पण राहिलो तर माझ्यावर विसंबू नका. मला धरून ठेवता येत नाही, आणि मला जो एक शब्द येतो तो मी वेळेवर बोलू शकत नाही. तुम्हाला पुष्कळ शब्द येतात. माझ्यावरून कोण चालून गेलं, कुठून गेलं, तेवढं एकमेकांना सांगा. जेवणापर्यंत थांबू नका.